उजव्या बाजूचे पाटे

डाव्या बाजूचं काम जेवणाआधीच उरकलं होतं. आता उजवं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं, गाडीची चासी लोखंडी स्टँडवर उभी होती, ॲक्सलखाली जॅक होता आणि सून पिकअपच्या पोटाखाली पाठीवर पडून गंजलेल्या नटांशी झगडत होती.

"एकोणीसचा पाना द्या, आई."

सासूने न बघता ट्रेमधून पाना उचलून तिच्या हातात ठेवला. तिची तीस वर्षं नवऱ्याच्या गॅरेजात गेली होती, पान्याचा आकडा तिला बोटांनीच कळायचा.

"तुझे सासरे या नटांना शिव्या घालायचे," ती म्हणाली. "शिव्यांनी नट सैल व्हायचा नाही, पण ते व्हायचे."

सून खालूनच हसली.

स्लॅब ओतायचा धंदा आधी सून आणि तिचा नवरा दोघांचा होता. चार महिन्यांपूर्वी नवरा दुखण्याने अंथरुणाला खिळून गेला आणि धंदा तिच्या एकटीच्या अंगावर पडला. पिकअपच्या मागे काँक्रीटचा मिक्सर जोडला की गाडी मागून बसायची, पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टिअरिंग हातात राहायचं नाही. गेल्या आठवड्यात उतारावर मिक्सरनेच गाडीला पुढे ढकलत नेलं. म्हणून दोन्हीकडच्या स्प्रिंगांत दोन-दोन जादा पोलादी पाटे घालायचं तिने ठरवलं. गॅरेजवाला तीन दिवस गाडी ठेवून घेणार होता. तेवढे दिवस काम बंद ठेवून चालणार नव्हतं.

फाटक धाडकन आपटलं. सुनेला पाय दिसण्याआधीच कळलं, दीर आलाय. बसवर ड्रायव्हर होता. एका उतारूचा जबडा फोडला म्हणून त्याला काढून टाकलं होतं, तेव्हापासून तो चालवायला गाडी शोधत होता.

"चावी दे."

"भाऊजी, काम चालू आहे. संध्याकाळी बोलू."

"दादाची गाडी आहे. दादा गेला, आता माझी."

"कागद माझ्या नावावर झालेत."

वाकून त्याने तिचे दोन्ही घोटे धरले आणि तिला बाहेर ओढलं. डोकं फरशीवर घासत आलं, कान कशाला तरी अडकून फाटला. ती उठायच्या आत त्याची मूठ तोंडावर बसली. दात जिभेवर आला, तो तिने थुंकला आणि हातातला पाना फिरवला. त्याचा गाल उकलला. आता त्याचं डोकं पुरतं फिरलं. गुडघा तिच्या छातीवर रोवून त्याने दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतवले.

"सोड तिला," सासू ओरडली. "सोड म्हणते ना मी!"

त्याने ऐकलं नाही. सुनेच्या डोळ्यांपुढे अंधार दाटत होता. सासूने नव्या पाट्यांतला एक दोन्ही हातांनी उचलला आणि मुलाच्या खांद्यावर हाणला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो कळवळून उठला, एक हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने त्याने आईच्या कानाखाली अशी वाजवली, की ती ट्रेवर जाऊन पडली आणि नटबोल्ट अंगणभर उधळले.

"माझी होणार नाही ना गाडी? मग कोणाचीच नको!"

त्याने स्टँडला लाथ घातली. स्टँड हललं. सुनेच्या गळ्यातून आवाज फुटत नव्हता, तिने नुसताच हात वर केला. दुसऱ्या लाथेला स्टँड आडवं झालं, ॲक्सलखालचा जॅक निसटला आणि गाडी खाली बसली. ब्रेकचा ड्रम त्याच्या पावलावर होता.

त्या किंकाळीने शेजारची कुत्री भुंकायला लागली.

सून रांगत जॅकपाशी गेली. तो चासीखाली सरकवला, दांडा बसवला. मग तिने सासूकडे पाहिलं. सासूच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं.

"थांब," सासू म्हणाली.

"आई, पाय आहे त्यांचा खाली."

"थांब म्हटलं ना!"

ती सरपटत मुलापाशी गेली, त्याच्या उशाशी बसली आणि त्याचे केस मुठीत धरले.

"परत हात उचलशील तिच्यावर?"

त्याने आईला शिव्या दिल्या, वहिनीला दिल्या, मेलेल्या भावालाही दिल्या.

"अजून नको," सासू सुनेला म्हणाली.

ड्रमखालून रक्त येत होतं आणि सांडलेल्या तेलात मिसळत होतं. सुनेचे दोन्ही हात दांड्यावर होते. चार वेळा दाबला असता तर गाडी उचलली गेली असती. ती दाबत नव्हती. सासूचं ऐकतेय असं तिने मनाला सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. त्याला तसं पडलेलं तिला बघायचं होतं.

शेवटी त्याच्या शिव्या संपल्या. "आई गं," तो पुटपुटला, "मेलो गं."

"उचल," सासू म्हणाली.

दवाखान्यात त्याचं पाऊल घोट्याच्या वरून कापावं लागलं. पाय किती वेळ दबलेला होता, असं डॉक्टरांनी विचारलं.

"लगेच काढला," सासूने सांगितलं.

सून जमिनीकडे बघत राहिली. पोलीस आले, त्यांनाही सासूने स्टँड घसरल्याचं सांगितलं. गळ्यावरचे वळ ओढणीखाली झाकून सुनेने मान डोलावली.

पाच दिवसांनी दोघींनी मिळून उजवी बाजू पुरी केली. मिक्सर जोडून पाहिला, गाडी मागून बोटभरसुद्धा बसली नाही.

"उद्या त्याला घरी सोडताहेत," सासू तेव्हा म्हणाली. "मी त्याला इथे आणणार आहे."

सून हात पुसत राहिली.

"दुसरं कोण आहे त्याला? माझ्या पोटचा आहे तो."

"मग मी इथे राहणार नाही, आई."

"माहीत आहे मला." सासू तिच्या ओठावरच्या टाक्यांकडे बघत होती. "तुला थांब म्हणायला तोंड नाही मला. पण त्यालाही रस्त्यावर टाकवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सून कपड्यांची एक पेटी घेऊन, पिकअपला मिक्सर जोडून निघाली. बांधकामाच्या जागेजवळ तिने एक खोली घेतली.

तीन आठवड्यांनी, ऐन स्लॅब चालू असताना सासूचा फोन आला.

"त्याला न्हाणीत न्यायचं म्हणजे माझी कंबर मोडते गं. गेलेल्याला तू शेवटी-शेवटी कशी उचलायचीस?"

सून मिक्सरपासून लांब गेली.

"समोरून धरू नका," ती मग म्हणाली. "मागून काखेत हात घाला. तुमचे गुडघे वाकवा, कंबर नको. आणि त्यांना आधी पुढे झुकायला सांगा."

"ऐकत नाही तो."

"मग झुकेपर्यंत उचलू नका."

जॅकचा दांडा आठवला, आणि आपण काय बोललो ते सुनेच्या ध्यानात आलं.

"आई," ती म्हणाली, "कमरेला पट्टा बांधा. मी संध्याकाळी आणून देते. फाटकापर्यंतच येईन."