पूर्ण कामाची गाडी

मी बोलतेय. इकडे बघा, गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ उभी आहे ती पांढरी व्हॅन. पांढरी म्हणायचं आपलं. रंग कधीचाच उडालाय.

कारखान्याच्या आठवणी सगळ्याच गाड्या सांगतात, त्यात मी तुमचा वेळ घेत नाही. माझं खरं आयुष्य मालकाने मला घरी आणलं तेव्हा सुरू झालं. मालक सोफे दुरुस्त करतो. नोकरी नाही, डोक्यावर साहेब नाही. लोकांचे खचलेले सोफे माझ्या पोटात घालून आणायचे आणि नवं कापड चढवून पोचवायचे. माणसं सोफ्यात काय काय हरवतात, ते मला विचारा! एकदा तर दातांची कवळी निघाली. मालक ती परत द्यायला गेला, तर घरातल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

पहिलं वर्ष माझी मजा होती. सुट्टीच्या दिवशी मालकीणबाई पुढे, मालकाच्या शेजारी बसायच्या. आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर जायचो. परत येताना बाईंचा डोळा लागायचा, आणि खड्डा आला की मालक मला अगदी हळूच उतरवायचा. तसं हळू मला पुन्हा कुणी चालवलं नाही.

मग कर भरायची वेळ आली. बाईंचा भाऊ कराची कामं करतो. चहा पिता पिता त्याने समजावून सांगितलं.

"भाऊजी, धंद्याची गाडी आहे. पेट्रोल, दुरुस्ती, शिवाय गाडी जुनी होते त्याचा घसारा, सगळ्यावर सूट मिळेल. फक्त घरासाठी जेवढी फिरवता, तेवढा वाटा वगळायचा."

म्हणजे मी म्हातारी होणार, त्याचाही फायदा! मला हसूच आलं. मालक मात्र गंभीर झाला.

"तो वाटा काढायचा कसा?"

"अंदाजाने. असून असून असणार किती?"

'अंदाजाने' हा शब्द मालकाला झोंबला. कापडाची रेघ बोटभर तिरकी गेली तरी सगळं उसवून पुन्हा शिवणारा माणूस तो. "अर्धंमुर्धं मला जमायचं नाही," तो म्हणाला. "कामाची म्हणजे पूर्ण कामाची. घरासाठी वापरायचीच नाही."

"अहो, एवढं कुणी बघायला येत नाही."

"म्हणूनच," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या जागेवर हत्यारांची पेटी आली. बाई बसने जाऊ लागल्या. एकदा भर उन्हात दोन जड पिशव्या घेऊन त्या थांब्यावर उभ्या दिसल्या. मालकाने मला थांबवलं, वाकून दार उघडलं.

"बस गं. कोण विचारतंय?"

"नको," बाई हसून म्हणाल्या. "रात्रभर तुम्हीच तळमळत पडाल." आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी परक्यांचे सोफे वाहिले, आणि मला बाईंची आठवण येत राहिली. मुक्या यंत्राला कसली आठवण, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

आता माझं इंजिन धापा टाकतं. नवी गाडी ठरली आहे, आणि मला विकत घेणारा दोन दिवसांत येणार आहे. गेल्या आठवड्यात बाई माझ्या दाराला टेकून म्हणाल्या, "अहो, ही जायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊया का?"

मालकाने माझ्या दारावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "जाऊया."

मी हरखून गेले. टाकीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती. सुट्टीच्या सकाळी दोघं बाहेर आले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्याजवळ येऊन त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, जरा थांबला, आणि दोघं मला ओलांडून बसथांब्याकडे गेले.

थोड्या वेळाने बस माझ्या समोरूनच गेली. बाई खिडकीशी होत्या. मालक त्यांना काहीतरी सांगत होता आणि त्या खूप हसत होत्या.

माझी तक्रार नाही. पण कराच्या साहेबांपैकी कुणी ऐकत असाल, तर एवढी विनंती आहे. माझा मालक एका पैशालाही खोटं बोललेला नाही. तरी त्याच्या कागदांत एक चूक राहून गेली आहे. मी पूर्ण कामाची कधीच नव्हते. सगळी वर्षं माझा थोडा वाटा घरचाच होता. तेवढी सूट खुशाल कापा, पण तेवढं लिहून घ्या.