इरकलीला दंड

रसिकाला संशय यायला फारसं निमित्त लागत नसे, आणि सासू कायमची राहायला आल्यापासून तर निमित्तांचा सुकाळच झाला होता. कात्री जागची हललेली असे. तिच्या चित्राच्या फळ्यावर घातलेली चादर एका बाजूनं जरा जास्तच नीट खोचलेली असे. एरवी तिच्या चित्रांना 'चिंध्यांचा संसार' म्हणणाऱ्या चंद्रप्रभाबाई आठवडाभर त्या संसाराबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. हे तर सगळ्यात वाईट लक्षण होतं.

रसिका चित्रकला कुठे शिकलेली नव्हती. दिवसा नोएडात आयटीची नोकरी, आणि उरलेल्या वेळात गाझियाबादच्या फ्लॅटमधली मागची खोली, फेव्हिकॉल, तारा, फुटक्या बांगड्या, जुनी कापडं. रविवारी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळाच्या प्रदर्शनात तिचं पहिलंवहिलं काम लागायचं होतं. ते म्हणजे मम्मीची इरकल. मम्मी गेल्यावर तेवढी एकच साडी तिच्या वाट्याला आली होती. साडीच्या एका टोकाला तिनं पुण्याचा नकाशा टाचला होता, दुसऱ्या टोकाला दिल्लीचा, आणि मधोमध होती ती फाट, बसच्या दारात अडकून झालेली. मम्मीनं त्या दिवशी पदर खोचून ऑफिस केलं होतं आणि घरी येऊन स्वयंपाकही. पुण्यात 'दिल्लीवाली' आणि दिल्लीत 'वो मराठी वाली' म्हणवून घेणाऱ्या रसिकाला ती फाट म्हणजे आपलाच फोटो वाटे.

शुक्रवारी ती लवकर घरी आली, तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत सासूबाई पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"सरळ कापली गं. आणि दंड घातला. तिला अजून सांगितलं नाहीये."

रसिका दारातच थांबली. दिल्लीच्या शाळेत वाढलेल्या तिला एकच दंड ठाऊक होता, वर्गाबाहेर उभं राहून भोगायचा. म्हणजे ही शिक्षा होती. गेलेल्या आईची साडी भिंतीवर टांगायची नसते, असं बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आता अद्दल घडवली.

तिनं दार ढकलून चादर ओढली. साडी हातभर आखूड झाली होती. फाट कुठेच नव्हती, आणि पुणं दिल्लीजवळ सरकलं होतं.

"किस बात का दंड, आई? मी काय केलंय तुमचं?"

चंद्रप्रभाबाईंनी फोन ठेवला. बोटात अंगुस्तान तसंच होतं. प्रश्न कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळला तेव्हा त्या हसल्या नाहीत. विरलेला भाग कापून काढून दोन्हीकडचं चांगलं कापड एकमेकांना जोडायचं, त्या शिवणीला दंड म्हणतात, तुझ्या आईलाही येत असणार, एवढं त्यांनी सांगितलं.

"शिक्षाच करायची असती ना, तर फाटकीच टांगू दिली असती चार लोकांत."

रसिका साडीजवळ खाली बसली. तिला लाज वाटली, पण राग काही गेला नाही. फाट तिची होती, विचारायला हवं होतं. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, तर ते कुठे अडकेना. आठवडाभराचा तो अबोला या टाक्यांत गेला होता.

मग तिनं डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ काढून सासूपुढे धरलं. याच शिवणीवरून पुन्हा टाके घाला म्हणाली, मोठे, फाट कुठे होती ते लांबूनही दिसेल असे.

"दिसला तर तो दंड कसला?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, म्हातारीला धड शिवताही येत नाही."

"म्हणू देत. खाली तुमचंही नाव लिहिते."

बाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग रिळाकडे. यात हिचा काहीतरी डाव आहे, याबद्दल त्यांची खात्रीच झाली. तरी त्यांनी सुईत लाल दोरा ओवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाकडा टाका घातला.