मडक्याची कावीळ

रविवारी सकाळी विमलाबाईंच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलणं चाललं होतं. सून वर्षाली दाराशी पाट टाकून बसली होती. सातवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि टाळूवर बारीक ओल्या काड्यांची, दोऱ्यात गाठलेली माळ. नवरा अंकुश सकाळीच केळझरच्या पुढे एका गावी जाऊन काविळीची माळ देणाऱ्या भैयाजींकडून ती घेऊन आला होता.

ही माळ आधी टाळूवर बसेल एवढीच असते. मग आपोआप वाढते, कानांवरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. ती अंगावर असेतो रोग्यानं गावची शीव ओलांडायची नाही. शिवाय भैयाजी एक पैसा घेत नाहीत. पैसा घेत नाही म्हणजे माणूस खराच! एवढ्या पुराव्यावर आमचे लोक आयाबायांचा जीव टांगून ठेवतात.

गावची आशाताई मोहिनी फेरीवर आली आणि वर्षालीचे डोळे पाहून उंबऱ्यातच थांबली.

"मावशी, आजच वर्ध्याले दवाखान्यात न्या हिले. पोटुशी बाईले कावीळ म्हंजे खेळ नाई."

"माळ उतरू दे पहिले," विमलाबाई शेंगा सोलतच म्हणाल्या. "अंकुशले बाराव्या वर्षी झालती. माळेनंच बरा झाला. समोर उभा हाये, पाह्य."

"कावीळ बऱ्याच जनाईची आपोआपच बरी होते, मावशी. बरे झाले ते सांगाले येतात. गेले ते कसे येतीन?"

बोलून गेल्यावर मोहिनीनं जीभ चावली. नऊ वर्षांपूर्वी विमलाबाईंची लेक ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. याच घरात, असंच पोट घेऊन, कावीळ होऊन ती गेली.

विमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "माह्या पोरीची कावीळ उतरलती. माळ छातीवर आलती, म्या याच डोळ्यानं पाह्यली. तिले दुसऱ्याच कशानं नेलं. नीघ तू."

मोहिनी निघाली. बारा वर्षं ती हेच सांगत होती आणि बारा वर्षं लोक मान डोलावून भैयाजींकडे जात होते. एसटीच्या थांब्यावर बसल्या बसल्या तिला वाटलं, आपण तरी किती दिवस घसा कोरडा करायचा? समोरून केळझरकडची गाडी आली. काय मनात आलं कोण जाणे, ती चढली. भैयाजींपुढे खोटंच एका रोग्याचं नाव सांगितलं आणि माळ घेतली. घरी येऊन दह्याचं रिकामं मडकं फळीवर पालथं घातलं आणि त्याच्या बुडावर माळ ठेवली.

सोमवारी सकाळी ते मडकं तसंच पालथं दोन्ही हातांत धरून ती गावातून चालली, तेव्हा पोरं हसली. मडक्याची माळ रुंद पोटावरून खाली घसरून गळ्याशी आली होती. ओल्या काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठी ढिल्या पडतात, दोरा सुटत जातो आणि माळ लांबते. एवढंच.

वर्षालीची माळही गळ्यात आली होती. पण सकाळपासून तिला तीनदा उलटी झाली होती आणि बोलताना ग्लानी येत होती.

मोहिनीनं मडकं विमलाबाईंपुढे ठेवलं. "मावशी, याले कधी झाली कावीळ?"

वर्षाली मडक्याकडे पाहत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं गळ्यातली माळ काढली.

"आई, म्या आता थांबत नाई. शिवेपलीकडे जाऊन मरीन, पन इथं माळ पाहत नाई बसत."

अंकुशनं आईकडे पाहिलं. विमलाबाई मडक्याजवळ बसल्या. त्यांनी त्याची माळ बोटानं वर सरकवून पाहिली, सोडली, पुन्हा सरकवली.

"मंग माह्या ज्योत्स्नाची?" त्या हळूच म्हणाल्या.

मोहिनीजवळ उत्तर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ते दिलं नाही.

"गाडी बोलाव, अंकुश," विमलाबाई म्हणाल्या.

वर्षाली अठरा दिवस दवाखान्यात होती. बाळंतीण झाली, दोघं वाचली. पण दवाखान्यानंच वाचवलं असं या एका सुनेवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. एकावरून सांगायचं तर माझ्या आणि विमलाबाईंच्या त्या रविवारच्या बोलण्यात फरक काय? वर्ध्याला अशा शेकडो बायांच्या नोंदी असतात, बऱ्या झालेल्यांच्याही आणि गेलेल्यांच्याही. माळेजवळ फक्त बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी असतात.

भैयाजींकडे रविवारी अजून रांग लागते. मडकं विमलाबाईंनी परत दिलेलं नाही. कुणी माळ घेऊन दिसलं की त्या हाक मारतात, "आधी याले घालून पाह्य." काही थांबतात, काही शिव्या देऊन जातात.

परवा मोहिनी बाळाचं वजन करायला गेली, तेव्हा विमलाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "नऊ वर्साआंधी काऊन नाई आनलं व हे मडकं?"

"तवाही आलती मी, मावशी. काविळीचा छापील कागद घेऊन आलती. तुमच्या हातात देल्ला होता."

"मले वाचता कोठं येते, माय," विमलाबाई म्हणाल्या आणि नातवाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत बसल्या.