जाड आवाज, बारीक आवाज

शमीमच्या जिवाला शुक्रवारपासून घोर लागला होता. ज्याच्यामुळे लागला होता तो नवरा, रज्जाक, मात्र रविवारी सकाळी टेम्पोच्या आरशात बघून निवांत मिशा विंचरत होता. तुंगार्लीच्या बंगल्यावर आठ महागड्या गाड्या सहलीला निघण्यासाठी जमणार होत्या आणि त्यातल्या एकीचा आवाज त्याने लावला होता. त्या गाडीच्या मालकांनी, सुहास साहेबांनी, त्याला मुद्दाम बोलावलं होतं, निघण्याआधी एकदा कान लावून जा म्हणून. बायकांचं तिथं काय काम, असं रज्जाकने दोनदा विचारलं. शमीम टेम्पोत बसली आणि दार ओढून घेतलं.

रज्जाकचं पत्र्याचं वर्कशॉप सोमाटणे फाट्यावरून परंदवडीकडे वळलं की डाव्या हाताला लागतं. पाटीवर नुसतं 'सायलेन्सर वेल्डिंग' असं लिहिलंय, पण ओळखणारे ओळखतात. ट्रॅक्टर, टेम्पो तर येतातच, पण पुण्यामुंबईचे शौकीन लोकही लाखो रुपयांच्या गाड्या घेऊन त्या चिखलात उभे राहतात. रज्जाक त्यांना चिखलातच शिकवणी देतो. त्याचं म्हणणं, इंजिनाला आवाज नसतो, ठोके असतात. प्रत्येक सिलिंडर आपली पाळी आली की नळीत एक ठोका सोडतो. चार सिलिंडरचे ठोके विरळ पडतात, म्हणून ती गाडी भुंकते. सहाचे दाट आणि सारख्या अंतराने येतात, म्हणून ती गाते. आठाची बरीच इंजिनं गुरगुरतात, कारण ठोके दोन बाजूंना वाटले जातात आणि वाटणी सारखी होत नाही, भावाभावांत होते तशीच. उरलेलं काम नळीचं. नळी किती लांब, किती रुंद, सायलेन्सरच्या डब्यात आवाज शोषणारी लोकर किती ठासली, त्यावर गाडीचा गळा ठरतो. एक नळी चार बोटं लांब झाली की तिचा ठोका उशिरा पोचतो आणि सगळं गाणं खरखरतं.

हे सगळं खरं होतं. खोटं एवढंच होतं की रज्जाकला आता ते ऐकू येत नव्हतं.

तीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडा, आणि कानात बोळा घालायचा म्हटलं की यांचा अपमान. दोन वर्षांपूर्वी तळेगावच्या कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, जाड आवाज शाबूत आहे, बारीक गेलाय. म्हणजे ट्रॅक्टर ऐकू यायचा, फोन वाजलेला नाही. इंजिनाची घरघर यायची, पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या वर गेला की गाडी जी तान घेते, ज्यासाठी लोक पैसे मोजतात, ती यायची नाही. त्या दिवशी घरी येऊन रज्जाक भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी शमीमने चहाची युक्ती काढली.

गाडी चालू करून गिऱ्हाईक रेस द्यायचं, रज्जाक मागे उकिडवा बसायचा आणि शमीम चहा घेऊन यायची. ग्लास त्याच्या उजव्या हाताला ठेवला तर आवाज ठीक. डाव्या हाताला ठेवला तर बारीक आवाजात खोट आहे. मग रज्जाक डोळे मिटून मान हलवायचा आणि म्हणायचा, अजून थोडं काम हाय. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची, उस्तादांचा कान म्हणजे कान. शमीम रिकामे ग्लास गोळा करायची. तिला नवऱ्याचा अभिमान होता आणि त्या ग्लासांचा संतापही होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायचं, तेव्हा ती भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

सुहास साहेबांची गाडी जुनी, परदेशी, दोनच सीटची, सहा सिलिंडरची. तिच्या सहाही नळ्या रज्जाकने नव्या वळवल्या, सगळ्या एका लांबीच्या. त्यापायी दीड महिना गेला. काम संपत आलं आणि गुरुवारी लेक लायबाला कळा सुरू झाल्या. शमीम तळेगावच्या दवाखान्यात गेली. शुक्रवारी साहेबांचा माणूस गाडी न्यायला आला तेव्हा रज्जाक एकटा होता. शेवटचा जोड त्याने एकट्याने वेल्ड केला आणि शेवटची तपासणीही एकट्याने केली. तपासणी सोपी असते. मागच्या नळीच्या तोंडाशी ओलं गोणपाट दाबून धरायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. कुठे फट राहिली असेल तर तिथून धूर फुसफुसतो, बारीक आवाज येतो.

संध्याकाळी तो दवाखान्यात आला, नातवाला हातात घेतलं आणि म्हणाला, गाडी दिली, कुटं चूं न्हाई का चां न्हाई. तुमाला कुटलं ऐकू येनार, हे शमीमच्या ओठांवर आलं होतं. पण समोर व्याही बसले होते. शनिवारी तिने एकदा विषय काढून बघितला. रज्जाक म्हणाला, तीस वर्षं वेल्डिंग करतोय, माजा हात काय आंधळा झाला का. त्यावर ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला रात्रभर राग येत राहिला.

तुंगार्लीला बंगल्याच्या अंगणात गाड्या रांगेत लावल्या होत्या. साहेबांचे मित्र टोप्या घालून हिंडत होते, प्रत्येकाला आपलीच गाडी सगळ्यांत चांगली वाटत होती आणि दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक करताना जीभ जड होत होती. बोरघाट उतरून अलिबागला जायचा बेत होता. साहेबांच्या शेजारी त्यांची मुलगी प्रेरणा बसणार होती, बारावीतली. ती केस बांधून तयारच होती. साहेबांनी रज्जाकच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, तळ्यापर्यंत चक्कर मारून येऊ म्हणाले. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. चहाचा ग्लास ठेवायलाही नव्हती.

गाडी फाटकातून बाहेर पडली. शमीम फाटकाशी उभी राहून ऐकत राहिली. आधी जाडसर, भरलेला आवाज आला, रज्जाकचा हात लागलेला. मग साहेबांनी रेस वाढवली, आवाज चढत गेला, आणि चढताना त्याच्या कडेने एक बारीक फुसफुस चालत गेली. रेस कमी झाली की नाहीशी, वाढली की पुन्हा हजर. शमीमने डोळे मिटले. आपली चूक व्हावी असं तिला मनापासून वाटत होतं. गाडी तळ्यावरून परत फिरली, पुन्हा चढली, पुन्हा तेच. अशी फुसफुस इंजिनाजवळच्या फटीची असते, हे ती दोन वर्षांत शिकली होती. तिथून निघालेला विषारी धूर बाहेर जात नाही, बसणाऱ्यांच्या पायांशी येतो. जुन्या गाडीला एसी बसवलेला, काचा बंद, शेजारी मुलगी.

गाडी परत आली. साहेब खुशीत होते, सगळ्यांना सांगत होते की उस्तादांनी पास केलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. रज्जाक उतरला आणि सवयीने शमीमकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. त्याने नजर वळवली. प्रेरणा पुढे झाली, गाडीत बसली, पट्टा ओढला आणि काच वर केली.

आता ग्लास कुठे ठेवायचा, असा वेडा प्रश्न शमीमच्या मनात आला. बोललं तर नवऱ्याची तीस वर्षांची अब्रू आठ गाड्यांसमोर जाणार होती. नाही बोललं तर ती पोर घाटात धूर गिळणार होती.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "गाडी नेऊ नका. जोड सुटलाय."

सगळे तिच्याकडे वळले. साहेब हसून म्हणाले, भाभी, आत्ताच तर उस्ताद बसून आले. रज्जाकला शमीमचे शब्द कळले नाहीत, पण तिचे ओठ वाचता आले. तो लालबुंद झाला. ऐकू न येणाऱ्यांचं होतं तसा त्याचा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"हिला काय कळतंय. चहा करनारी बाई ती."

दोन वर्षं तिने हे नाटक स्वतःच उभं केलं होतं, तरी ते वाक्य तिला झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, बंगल्याच्या नळाखाली एक पोतं भिजवलं आणि साहेबांच्या हातात दिलं. मागच्या नळीला दाबून धरा म्हणाली. साहेबांची पँट पांढरी होती. ते क्षणभर रज्जाककडे, मग पोरीकडे बघत राहिले आणि गुडघ्यावर बसले. शमीमने इंजिन चालू ठेवून बोनेट उघडायला लावलं, प्रेरणाला गाडीतून उतरवून पुढे उभं केलं आणि ऐक म्हणाली.

पोरगी वाकली. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, इथे काहीतरी फुसफुसतंय."

एकेक करून मित्र पुढे झाले. ज्याने त्याने कान दिला आणि मान डोलावली. रज्जाक त्यांच्यामागे उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. सगळ्यांना काहीतरी ऐकू येत होतं. अंगणात तो एकटाच होता ज्याला येत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघडं दिसत होतं की शमीमला तिकडे बघवेना.

साहेब उठले. गुडघ्यांवर दोन काळे डाग पडले होते. त्यांनी रज्जाकच्या समोर येऊन हळू आवाजात विचारलं, की हे तुम्हाला गाडीत बसून कसं ऐकू आलं नाही. शमीमने घाईने उत्तर दिलं, काच लावली की आत कळत नाही, कुणालाच कळत नाही. हे थोडं खरंही होतं आणि साहेबांनी ते मानलंही असतं. वाट मोकळी होती. रज्जाकने तिच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली.

"मला येकू येत न्हाई, साहेब. बारीक आवाज दोन वर्सं झाली गेलाय."

हे कधीतरी उघडं पडावं असं शमीमला कितीदा वाटलं होतं. आता पडलं, तर तिला वाटलं की कुणी घरात शिरून कपाट उचकटलंय. मग माझ्या गाडीचा आवाज लावला कुणी, असं साहेबांनी विचारलं. रज्जाकने बोट शमीमकडे केलं.

"जाड ह्यांनी लावला," शमीम म्हणाली. "बारीक म्या."

रज्जाक बोनेटपाशी गेला. त्याने तिच्याकडे हात पुढे केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, कुटं हाय, दाव. गिऱ्हाइकासमोर त्याने तिला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. तिने त्याचं मनगट धरलं, कान देऊन जागा शोधली आणि त्याचा तळवा जोडाच्या वर वीतभर उंचीवर नेऊन थांबवला. साहेबांनी न सांगता पुन्हा पोतं दाबलं. गरम वाफ रज्जाकच्या हाताला लागली. तो हलला नाही. हाताचे केस जळण्याइतका वेळ तो तसाच उभा राहून कानाला येणारे जाड ठोके हाताला बसणाऱ्या ठोक्यांशी जुळवत होता.

"दोन नंबरची नळी," तो म्हणाला.

शमीमला नळी ओळखता आली नसती. तिला फक्त फट ऐकू येत होती, सहा ठोक्यांतला कुणाचा ठोका निसटतोय ते तिला कधीच कळलं नव्हतं. साहेबांनी मित्रांना अलिबागला निघायला सांगितलं, आपण आज येत नाही म्हणाले आणि रज्जाकला विचारलं, नीट करायला किती वेळ लागेल. रज्जाकने ते ऐकलं नाही. तो शमीमकडे बघत होता आणि त्याचा आवाज त्याच्या नकळत मोठा होता, फाटकाबाहेरच्यांनाही ऐकू गेला असेल.

"शुक्रवारी तू न्हवतीस," तो म्हणाला.