कवळीतले तेवीस किडे

"निघाला! अजून एक निघाला!"

जेवणाची सुट्टी झाली होती, पण शिवणकारखान्याच्या अंगणात डबे तसेच पडले होते. सगळ्याजणी एका वाडग्याभोवती गर्दी करून उभ्या. वाडग्यातल्या पाण्यात कणीएवढे पांढरे किडे तरंगत होते. पाण्याच्या वर तापलेली लोखंडी पट्टी, पट्टीवर धुमसणारं बी, त्यावर उलटं नरसाळं आणि नरसाळ्याची नळी इस्त्रीवालीच्या तोंडात.

"मुखातला शत्रू धुराला शरण येतो!" दातांतले किडे धुरानं काढणारा धूरबाबा डोळे मिटून घुमत होता. "तोंडात डोकावू नका हं! माणसाची नजर पडली की किडे हाडात पळतात."

म्हणजे तोंड उघडून बघायचंच नाही. काय सोय केली होती बघा!

काजवाली मागे उभी राहून बघत होती. शर्टाची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोरा दातानं तोडायची सगळ्या कारखान्याला सवय. पण गेले दोन महिने तिनं दोरा तोडला की पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा ठिपका उमटायचा. समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिरड्यांचा आजार आहे. हिरडीच्या आत, मुळांवर दगडासारखा थर बसलाय. जागा बधिर करून तो खरवडून काढावा लागेल. टाळलंत तर पुढचे दात हातात येतील."

तरी ती टाळत होती. कटिंग मास्तर छातीठोकपणे सांगायचे, "सफाई केलीस तर आहेत ते दातही खिळखिळे होतील. माझ्या मेहुण्याचे झाले." आणि इथे हा बाबा. सुई नाही, खरवडणं नाही, नुसता धूर. मोह झाला तिला, खोटं कशाला सांगा.

पण कारखान्याची एक शिस्त तिच्या हाडात मुरली होती. नवा रंग असो की नवा दोरा, आधी चिंधीवर बघायचं आणि मगच कापडाला हात लावायचा.

"आई, माझी चिंधी व्हाल?" संध्याकाळी तिनं सासूबाईंना विचारलं आणि सगळा प्रकार सांगितला.

सासूबाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मलाही अशीच सफाई सांगितली होती गं. भिऊन खुर्चीतून पळून आले, आणि पन्नाशीत तोंडाचं बोळकं झालं. येते मी उद्या."

दुसऱ्या दिवशी त्या गालाला फडकं बांधून, कण्हत बाबासमोर बसल्या. "डाव्या दाढेत ठणका आहे हो." नळी तोंडात गेली, धूर झाला, घुमणं झालं. बायकांनी मोजले, चांगले तेवीस किडे.

"सगळे निघाले?"

"एकूण एक, माते!"

सासूबाईंनी फडकं सोडलं. तोंडात बोटं घालून वरची-खालची कवळी काढली आणि डुबकन वाडग्यात टाकली. "मग हे घ्या किड्यांचं घरदार! बारा वर्षं झाली, माझ्या तोंडात एक दात नाही!"

बाबाची बोबडी वळली. "ते... ते पूर्वीच्या दातांचे किडे..."

"असं?" काजवालीनं त्याच्या डबीतलं चिमूटभर बी उचललं. इस्त्रीवालीनं तापलेली इस्त्री उलटी धरली. तिच्यावर ओली चिंधी, चिंधीवर बी. वाफेनं बी फुगलं, साल तडकली आणि आतला वाकडा पांढरा कोंब बाहेर आला. एक, दोन, दहा. तिनं ते पाण्यात झटकले. कालचेच किडे!

"आणि हे कुणाच्या दातांचे? माझ्या इस्त्रीच्या?"

अंगणात हशा उसळला. त्या गडबडीत बाबा नरसाळं टाकून पसार झाला.

"तरी सफाईनं दात हलतात," मास्तर पुटपुटले.

आता तिनं तेही तपासायचं ठरवलं. दवाखान्यात जाऊन तिनं सरळ विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात आधीच सैल झालेले असतात. थरानं ते जखडल्यासारखे वाटतात, थर काढला की सैलपणा कळतो. गेलेलं हाड मी परत आणू शकत नाही, पण उरलेलं वाचवायला मदत करू शकते. रोज नीट घासणं आणि तपासणीला येणं मात्र तुमच्याकडे."

बढाई नव्हती, वचनं नव्हती. म्हणूनच तिला ते पटलं.

ती खुर्चीत बसली. गळ्यात दोरा तोडायची नवी छोटी कात्री लटकत होती. सासूबाई दारात ठाण मांडून उभ्या होत्या.

बायांनो, जो 'बघू नका' म्हणतो, त्याचंच आधी नीट बघा. प्रश्न विचारा, चिंधीवर पारखा. आपलं तोंड आपलं आहे.

"बघा डॉक्टर," काजवाली म्हणाली, "काय असेल ते उजेडात बघा."

आणि तिनं तोंड उघडलं.