अकरावा आकडा

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. चष्म्याच्या एका छोट्या दुकानात, सगळ्यात खालच्या खणात, तुटक्या काड्या आणि बारीक स्क्रूंच्या डबीशेजारी मी पडून असतो. माझे वर्गमुळाचे बटण दाबले की आतच अडकते.

पण मी नवा होतो तेव्हा माझा रुबाब पाहण्यासारखा होता. कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझी शेवटची तपासणी केली. आठ वेळा आठ दाबले, आणि माझ्या खिडकीतली आठही घरे उजळली. "हा एकदम ठणठणीत," असे म्हणून तिने मला खोक्यात ठेवले. माझ्याकडे आठच घरे आहेत, त्यापुढचे आकडे मी मुकाट गिळून टाकतो, हे तिला ठाऊक असणार. मला मात्र ते कुणी सांगितले नाही.

भिंगे घासणाऱ्या एका कारागिराने मला घेतले. भिंगाचा नंबर काढायला त्याला माझी गरज होती. घासलेल्या काचेची पांढरी पूड सतत माझ्या अंगावर बसायची आणि तो शर्टाच्या बाहीने मला पुसायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "माणूस चुकेल हो, हा चुकायचा नाही." हे ऐकून मी फुगून जात असे.

त्याची मुलगी कॉलेजातून आली की दुकानातच अभ्यासाला बसायची. अणूपेक्षाही लहान कणांच्या टकरीची गणिते तिला फार आवडत. ती बापाला समजावून सांगायची, "बाबा, या टकरीत कण फुटत नाहीत, नवे तयारही होत नाहीत. टकरीआधी सगळ्यांची मिळून जेवढी ऊर्जा, नंतरही तेवढीच."

"मग माझ्या हातून काच पडली की का फुटते गं?"

"ती टक्कर वेगळी, बाबा."

"हो ना, आमच्याच नशिबी वेगळी!" आणि दोघे खो खो हसायची.

कण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ धावत असला की शाळेतली सूत्रे चालत नाहीत, हे मला तिच्यामुळे कळले. तिने एक पडताळा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता. ऊर्जेचा वर्ग घ्यायचा, त्यातून संवेगाचा वर्ग वजा करायचा. उरेल तो कणाच्या वस्तुमानाचा वर्ग. एकके नीट घेतली की टकरीआधी आणि नंतरही तो तेवढाच यायला हवा. गणित सोडवून झाले की ती हा पडताळा घ्यायची, मान डोलवायची आणि पुढच्या गणिताकडे वळायची.

मग पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची परीक्षा आली. तिच्या विषयाला एकच जागा होती. बापाने मला नव्या बॅटऱ्या घातल्या आणि तिच्या पिशवीत ठेवले. "घाबरू नकोस. अडलीस तर याला विचार."

शेवटचा प्रश्न टकरीचा होता. प्रचंड वेगाचा इलेक्ट्रॉन स्थिर प्रोटॉनवर आदळतो, तर नंतर कोण कुठे जाईल? तिने दोन पाने भरून तो सोडवला. मग सवयीप्रमाणे पडताळ्यासाठी मला जवळ ओढले. इलेक्ट्रॉनची ऊर्जा पन्नास आणि वस्तुमान जेमतेम एका हजारांशाच्या अर्धे. दोन्ही वर्ग अडीच हजारांच्या घरातले, आणि त्यांच्यातला फरक पार अकराव्या आकड्यात. हत्तीच्या काट्यावर मुंगी कशी कळावी? माझ्या खिडकीत दोन्ही संख्या सारख्याच दिसल्या. मी उत्तर दिले, शून्य.

तिचा चेहरा उतरला. इलेक्ट्रॉनला वस्तुमानच नाही, हे कसे शक्य आहे? तिने पुन्हा बटणे दाबली. शून्य. तिसऱ्यांदा अगदी हळूहळू, एकेक आकडा मोजून दाबला. मी पुन्हा शून्यच दाखवले, तेही किती ठामपणे!

घंटेला पंधरा मिनिटे उरली होती. तिने दोन्ही पानांवर तिरपी काट मारली आणि घाईघाईत नव्याने सुरुवात केली. ते गणित अर्धेच राहिले.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. "पुढच्या वर्षी बघू," बाप म्हणाला. पण पुढच्या वर्षी त्याचे हात थरथरू लागले आणि घासणीच्या चाकापाशी ती बसली. ती भिंगे उत्तम घासते. लोक लांबून येतात.

बऱ्याच वर्षांनी एक म्हातारे प्राध्यापक चष्मा बदलायला आले. बोलता बोलता ओळख निघाली. तिची उत्तरपत्रिका त्यांनीच तपासली होती.

"तू ती पानं का खोडलीस गं?" त्यांनी विचारले. "सगळं बरोबर होतं. काट मारलेलं तपासायचं नाही असा नियम, माझा इलाज चालेना. मला अजून चुटपुट लागते."

ते गेल्यावर तिने एका जुन्या पावतीच्या पाठीवर तीच वजाबाकी हाताने केली, एकही आकडा न सोडता. खाली शून्य आले नाही. इलेक्ट्रॉन जसाच्या तसा होता.

आतून बापाने हाक मारली, "कोण आलं होतं गं?"

"चष्म्याचं गिऱ्हाईक, बाबा."

"नंबर नीट काढलास ना? कॅल्क्युलेटरला विचारलंस?"

"हो, विचारलं," ती म्हणाली, आणि मला खालच्या खणात ठेवून तिने खण लावला.

मित्रांनो, तिने मला रागाने आपटले असते तर बरे झाले असते. तुमच्याकडेही माझे नवे भाऊबंद असतील, माझ्याहून कितीतरी हुशार. त्यांना जरूर विचारा, पण त्यांना कुठवर दिसते तेही आधी विचारून घ्या. आणि स्वतः मेहनतीने लिहिलेल्या पानावर आमच्या सांगण्यावरून काट मारू नका. हे मी तिला त्या दिवशी सांगायला हवे होते. पण मला फक्त आकडेच दाखवता येतात, आणि तेही आठच.