सोनुबाईच्या वाफ्यावरची झारी

मित्रांनो, माझा पत्रा आता गंजला आहे आणि तोंडाच्या चाळणीची निम्मी भोकं बुजली आहेत, पण मी झारी आहे हे अजून ओळखू येते. कशेळ्याच्या बाजारातून सोनुबाईने मला घरी आणले. भात कापून झाले की ती ओढ्याकाठी मिरचीचा वाफा टाकायची आणि मी कोवळ्या रोपांवर अलगद पाणी शिंपडायचे. तिच्या मिरचीचे बाजारात नाव होते. मलाही त्याचा अभिमान वाटे.

मग १९८३ साली रोपांना बुरशी लागली. संध्याकाळी ताठ असलेले रोप सकाळी बुडाशी कुजून आडवे पडलेले असे. माझ्यातून मोरचुदाचे निळे पाणी कितीदा ओतले, तरी पुढच्या वर्षीही तेच झाले. सोनुबाईचा नवरा पदू वैतागला.

"पुरं झाली मिरची. साजगावला कारखान्यात काम हाय. तितंच जाऊन ऱ्हाऊ."

वाफ्यातली पडलेली रोपे वेचताना सोनुबाईचे डोळे भरून आले.

तिची मिरची घेणारे कर्जतचे व्यापारी अप्पा. त्यांची मुलगी उमा मुंबईला जंतूंचा अभ्यास करत होती. मिरची का येत नाही हे कळल्यावर ती मुद्दाम आली आणि वाफ्यात जी थोडी रोपे तग धरून होती, त्यांच्या मुळांची माती घेऊन गेली. पुढच्या हंगामात ती गढूळ पाण्याची बाटली घेऊन परतली.

"यात जंतू आहेत," ती म्हणाली.

सोनुबाई दचकली. "अगं बाय, रोपांवर जंतू वतू?"

"तुमच्याच मातीतले आहेत, सोनुबाई. दही लावणारे जंतू चांगले असतात ना, तसेच हे. मुळांभोवती राहतात आणि बुरशीला वाढू देत नाहीत. पण मोरचूद लागला तर तेच मरतील. आणि गुण येईलच, अशी खात्री मी देत नाही."

सोनुबाईने मला राखेने आणि काथ्याने आतून घासघासून धुतले. अर्ध्या वाफ्याला बाटलीतले पाणी मिसळून घातले, अर्ध्याला नुसते. पदू रोज सकाळी वाफा बघून जाई. नुसत्या पाण्याची रोपे कोलमडू लागली. दुसऱ्या बाजूचीही काही पडली, पण बहुतेक उभी राहिली. हिरवीगार!

एका सकाळी पदू वाफ्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "साजगावला नाय जात मी. लावनीला मानूस लागंल ना तुला?"

सोनुबाई कितीतरी दिवसांनी हसली.

आता घरात नवा फवारणी पंप आला आहे आणि मी वळचणीला पडून असते. मित्रांनो, अवजार वापरले की धुऊन ठेवा. आणि जमिनीत औषध ओतण्याआधी तिच्यात कोण कोण राहते, याचा थोडा विचार करा. सोनुबाई तो करते. परवाच शेजारचा नागू रोपे न्यायला आला आणि मुळे झटकू लागला, तशी ती ओरडली,

"माती ऱ्हाऊ दे रं! राखनदार हाईत त्यात!"